भेगेतला रुपया

नागपुरातल्या मानेवाड्याकडच्या आमच्या जुन्या घरात हॉलच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघते आणि छताकडे जाते. सासऱ्यांनी ते घर १९८६ साली बांधलं. दोन उन्हाळे गेले आणि भेग दिसायला लागली. बाबा (सासऱ्यांना मी बाबाच म्हणते) दर मे महिन्यात त्या भेगेत रुपयाचं नाणं उभं घालून पाहतात. जातं. ऑगस्टमध्ये पुन्हा पाहतात. जात नाही. मग पेन्सिलीने भिंतीवर आडवी रेघ मारून तारीख टाकतात. तीन वेळा लांबी (पुट्टी) भरली, दोनदा रंग दिला, तरी भेग आपल्या जागी. पावसाळ्यात भेग मिटते, पण मागचं दार चौकटीत असं अडकतं की खांदा लावल्याशिवाय उघडत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, दार लाकडाचं आहे, पाण्याने फुगत असेल. लाकूड फुगत नव्हतं, खालची माती फुगत होती. हे मला कळलं ते आम्ही नवं घर बांधायला काढलं तेव्हा.

बेशाच्या रस्त्याला आमचा ३० बाय ५० फुटांचा प्लॉट होता, २००९ साली घेतलेला. बारा-तेरा वर्षं त्यात शेजाऱ्यांच्या बकऱ्या चरल्या. माझ्या नवऱ्याची नोकरी चंद्रपूरला, शनिवार-रविवार नागपुरात. बाबा सत्तरीच्या पुढे. त्यामुळे घर बांधायचं ठरलं तेव्हा साइटवर उभं राहणारी मीच. मी शाळेत गणित शिकवते, बांधकामातलं काहीही येत नव्हतं.

कागदपत्रांवर जास्त लिहीत नाही, ज्याला त्याला त्याचं त्याचं दुखणं माहीत असतं. नागपूरबाहेरच्या माणसाला फक्त एक गोष्ट सांगावी लागते ती म्हणजे आर.एल. इथे शेतजमिनीवर पडलेले शेकडो लेआउट आहेत. गुंठेवारीच्या कायद्याने ते नियमित करून घ्यायचे, डिमांड नोटची रक्कम भरायची, मग नियमितीकरणाचं पत्र, म्हणजेच आर.एल., हातात पडतं. त्या पत्राशिवाय नकाशा पुढे सरकत नाही आणि बँकही दारात उभं करत नाही. आमचं आर.एल. होतं. पण फाइलमधला जमिनीचा खसरा नंबर एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर भलताच, ते जुळवण्यात पावणेतीन महिने गेले. ज्या कचेरीत गेले तिथे बाबूंनी मला इतक्या वेळा ‘उद्या या’ म्हटलं, की शेवटी मी पेपर तपासायचे गठ्ठे तिथेच बाकावर बसून संपवले.

प्लॉट मोजला तेव्हा पहिला धक्का बसला. चारही बाजू बरोबर भरत होत्या, ३० आणि ५०. पण कर्ण एक ५८ फूट ९ इंच, दुसरा ५७ फूट १० इंच. आयताचे कर्ण सारखे असतात हे मी सातवीच्या पोरांना शिकवते, आणि माझाच प्लॉट गुण्यात नव्हता, किंचित कललेला होता. मिस्त्री म्हणाला, “चालते मॅडम, भिंतीत काढून टाकू.” भिंतीत काढून टाकायचं म्हणजे प्रत्येक खोली थोडी वाकडी करायची आणि फरशी बसवताना रडायचं. आर्किटेक्टने कंपाउंडची भिंत तिरपी राहू दिली आणि घर मात्र काटकोनात बसवलं. डावीकडे मागे चार बोटं जागा जास्त सुटली. तिथे आता आईंची (सासूबाईंची) कढीपत्त्याची कुंडी आहे.

आर्किटेक्ट म्हणजे तिशीतली मुलगी, इथेच नागपुरात शिकलेली. पहिल्या भेटीत आम्ही किती खोल्या हव्यात ते सांगायला लागलो. ती म्हणाली, नंतर. आधी जुन्या घरात आज रात्री दहा वाजता प्रत्येक भिंतीवर आतून तळवा ठेवून बघा आणि कुठली किती गरम ते लिहून पाठवा. एप्रिल २०२१ चालू होता, कोरोनामुळे तसंही घरातच अडकलो होतो. बाबा आणि माझी लेक हातात वही घेऊन घरभर भिंती चाचपत फिरले. पश्चिमेची भिंत रात्री दहालाही तव्यासारखी. दक्षिणेची जवळजवळ उत्तरेइतकीच. छताला हात पोचत नव्हता म्हणून लेक स्टुलावर चढली आणि “आई गं” म्हणून खाली उतरली.

आमच्या सगळ्यांच्या डोक्यात दक्षिण म्हणजे ऊन हे पक्कं बसलेलं होतं. ते हिवाळ्यापुरतं खरं आहे. नागपूर कर्कवृत्ताच्या थोडंसंच खाली आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. म्हणजे पारा ४५-४६ वर असतो तेव्हा ऊन छतावर सरळ पडतं आणि तीननंतर पश्चिमेच्या भिंतीवर आडवं. दक्षिणेची भिंत त्या दिवसांत बिचारी सुटते. आणि आमच्या प्लॉटला रस्ता नेमका पश्चिमेला! सगळ्यांना समोर मोठा हॉल आणि मोठी काच हवी होती. तिने ती काच कागदावरच खोडली. पश्चिमेला जिना, एक बाथरूम आणि कोठीची खोली टाकली, म्हणजे ऊन झेलायला आधी या तिघांची पाठ. हॉल त्यांच्या आड, पूर्वेकडे मागच्या अंगणात उघडणारा. नातेवाईक अजून म्हणतात की तुमचं घर रस्त्याकडे पाठ करून बसलं आहे. बसू दे.

वास्तूचं प्रकरण वाटलं त्यापेक्षा सोपं निघालं. आईंच्या ओळखीच्या गुरुजींनी नकाशा पाहून जिना नैऋत्येला चालेल म्हटलं. घरात दोन्ही पंथांना समाधान. देवघर ईशान्येला तसंही येतच होतं. पण याच गुरुजींच्या पायी पुढे एक घोळ झाला, तो येईलच.

कूलरचं मात्र सांगितलंच पाहिजे. पुण्या-मुंबईच्या नकाशांत कूलर नसतो. नागपुरात तो मार्च ते जून घरातला एक सदस्य असतो आणि त्याची जागा कुणी आखत नाही. मग तो खिडकीच्या ग्रिलला तारेने टांगला जातो, नाहीतर लोखंडी घोड्यावर डुगडुगत उभा राहतो, पाइप बाथरूममधून खेचलेला, वायर पडद्यावरून. आमच्या आर्किटेक्ट मुलीने (आता ती आमचीच मुलगी झाली होती) तिन्ही बेडरूमला बाहेरून अडीच फुटांचा सिमेंटचा ओटा काढला, खिडकीच्या पातळीला. ओट्यावर पाण्याचा नळ, पाणी वाहून जायला भोक, शेजारी प्लगचा पॉइंट. आणि खोलीच्या समोरच्या भिंतीत वर झडपेचा झरोका. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या खसातून ओढून आत ढकलतो. आत आलेल्या हवेला बाहेर पडायची वाट नसेल तर तासाभरात खोलीत वाफ कोंडते आणि अंग चिकचिकतं. जुन्या घरात आम्ही वीस वर्षं दारं बंद करून कूलर लावत होतो, ‘थंड हवा बाहेर जाईल’ म्हणून.

हे सगळं कागदावर होतं तोवर मजा होती. खरा तंटा जमिनीखाली होता.

स्ट्रक्चरल इंजिनिअर साठीचे, कमी बोलणारे. नकाशा हातात घेतला, बाजूला ठेवला आणि विचारलं, “माती पाहिली का?” मी म्हटलं, काळी आहे. “ते दिसते. खाली काय आहे?” जानेवारी २०२२ मध्ये प्लॉटच्या दोन कोपऱ्यांवर जेसीबीने दहा-दहा फुटांचे खड्डे घेतले. वरची पाच फूट काळी कुळकुळीत माती, तिच्यात उभ्या भेगा, काही भेगांत माझा हात मनगटापर्यंत गेला. तिच्याखाली अडीच फूट पिवळसर चिकणी. मग भुसभुशीत मुरूम. नऊ फुटांवर इंजिनिअर साहेब स्वतः शिडीने खाली उतरले आणि सब्बल (पहार) मारली. टणक आवाज आला, सब्बल उसळली. ते खालूनच म्हणाले, “हां. हे आपलं घर.”

माती तपासायला दिली. मला बघायचं होतं म्हणून मी शाळेतून अर्धा दिवस काढून प्रयोगशाळेत गेले. वाळवून, बारीक चाळलेली माती, दहा-दहा ग्रॅमच्या दोन पुड्या. समोर काचेच्या दोन उंच मापनळ्या. एकीत रॉकेल, एकीत पाणी. दोन्हींत माती सोडली, हलवली, चोवीस तास तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी बाबांनाही घेऊन गेले. रॉकेलमधली माती गुमान तळाशी, दहाच्या खुणेवर. पाण्यातली माती सतरावर. तीच माती, तितकीच माती, पाणी मिळालं म्हणून सत्तर टक्के फुगलेली. रॉकेलने ती फुगत नाही, म्हणून तुलनेला रॉकेल. पन्नास टक्क्यांच्या वर गेली की ती घराला त्रास देणारी, असं तिथल्या मुलाने सांगितलं.

बाबा बराच वेळ त्या दोन नळ्यांकडे बघत होते. मग त्यांनी बोट लावून विचारलं, “म्हणजे उन्हाळ्यात ही परत खाली बसते?” “हो काका, वाळली की आकसते.” बाबा काही बोलले नाहीत. पार्किंगमध्ये स्कूटरजवळ आल्यावर म्हणाले, “चार फुटावर घेतला होता मी पाया.”

उन्हाळ्यात घराच्या कडेची माती वाळून आकसते, मधली सावलीत ओलसर राहते. म्हणून कडेच्या भिंती खचतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग उघडते. पावसात कडेची माती फुगते, भिंत उचलते, भेग मिटते, दार अडकतं. बाबांनी पस्तीस वर्षं पेन्सिलीने हीच नोंद ठेवली होती, कारण माहीत नसताना. इंजिनिअर साहेबांनी ती भेग पाहायला मागितली. एका रविवारी जुन्या घरी येऊन, चष्मा काढून, प्रत्येक तारीख वाचली. चहा गार झाला त्यांचा.

दोन रस्ते होते. एक, जमिनीत भोक पाडून पाइल घ्यायचे, खालच्या टोकाशी कांद्यासारखा फुगवटा असलेले. काळ्या मातीसाठी ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने फार पूर्वीच बसवून दिलेली आहे. मुरूम खूप खोल असेल तिथे हेच बरं. दुसरा रस्ता, सरळ नऊ फूट खणून फुटिंग, म्हणजे खांबाखालची बैठक, टणक मुरमावर टेकवायचं. आमच्याकडे मुरूम हाताशी होता, म्हणून दुसरा.

ठेकेदाराला हे अजिबात पटलं नाही. माणूस वाईट नव्हता. त्याचा हिशेब वेगळा होता. “मॅडम, या लेआउटमंदी साऱ्याईनं पाच फुटावरच घेतले. कोनाचं घर पडलं का? तुमी काहून पैसे जमिनीत गाडून राहिले? तेवढ्यात मॉड्युलर किचन होते.”

मला उत्तर सुचलं नाही. कारण किचनचा हिशेब मीही घातला होता. खोल खोदाई, जास्त काँक्रीट, जास्त लोखंड आणि मुरमाची भरती मिळून वरचा खर्च दोन लाख दहा हजारांच्या आसपास जात होता. इंजिनिअरची फी ४५ हजार, माती तपासणी १४ हजार, ते वेगळंच. नवरा फोनवर म्हणाला, थोडं कमी करता येईल का विचार. मी विचारलं. इंजिनिअर साहेब म्हणाले, “करता येईल. वरचा मजला काढा, टाइल्स हलक्या घ्या. खालचं मी कमी करणार नाही.” निर्णय शेवटी बाबांनी दिला. ठेकेदाराला घेऊन जुन्या घरी गेले आणि दार दाखवलं. फेब्रुवारी होता, दार नीट उघडत होतं. तो हसला. बाबा म्हणाले, “पावसाळ्यात या.” मग आमच्याकडे वळून, “नऊ फूट.”

फुटिंगचे खड्डे उघडे होते त्या आठवड्यात मी रोज सकाळी शाळेआधी तिथे जायची. बारा खड्डे. प्रत्येकाच्या तळाला मुरूम लागला की नाही ते बघून मगच खालचा कोबा. दोन खड्ड्यांत मुरूम साडेनऊवर लागला. तिथे खड्डा तेवढा खोल नेला आणि जास्तीची खोली दुबळ्या काँक्रीटने भरून काढली. ठेकेदाराचा मुकादम म्हणे, खणलेलीच माती टाकून ठोकून घेऊ. अर्थात माझ्यासमोर नाही, रेजा (मजूर बायका) आपसात बोलत होत्या म्हणून कळलं. त्यांतल्या एका वयस्क बाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, “बाई, खाली काय टाकते ते पाहत जा. वरचं सारे पाहते.”

मला ज्याची कल्पनाच नव्हती ते प्लिंथ बीमचं, म्हणजे जोत्याच्या बीमचं. खांब मुरमावर टेकले म्हणजे झालं असं मी समजत होते. पण खांबांना जोडणारे बीम जमिनीलगत असतात, त्यांच्या पोटाला काळी माती लागली आणि ती फुगली तर बीम खालून उचलला जाणार. म्हणून बीमच्या खाली तीन इंचांची पोकळी ठेवली. आणि घराच्या आतली, फरशीखालची काळी माती खणून बाहेर काढली. तिच्या जागी मुरूम, वीत-वीतभर थर देऊन, पाणी मारून, धुम्मसाने ठोकून. काढलेली काळी माती बघायला गल्लीतल्या तीन बागवाल्या बायका आल्या आणि पोत्यांनी घेऊन गेल्या. गुलाबाला उत्तम असते म्हणे. असेल. घराला नाही.

प्लिंथ किती उंच? बाबांचा आग्रह होता साडेतीन फूट. जुन्या घरासमोर सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा घर रस्त्याच्या खाली गेलं, तेव्हापासून प्रत्येक मोठ्या पावसात पाणी गेटातून आत डोकावतं. नव्या लेआउटचा रस्ता अजून डांबरी होता, पण तो कधीतरी सिमेंटचा होणार हे गृहीत धरून तीन फूट सहा इंच. आईंना पायऱ्या जास्त झाल्या, त्या अजून ऐकवतात.

स्लॅब मेच्या दुसऱ्या आठवड्यात आला. नको होता त्या दिवसांत आला, पण सेंट्रिंगवाल्याची (स्लॅबखालचा साचा बांधणाऱ्याची) तारीख तीच. दहा जूननंतर रेतीचे घाट पावसाळ्यासाठी बंद होतात, मग कन्हानची रेती मिळते ती कुणाच्या साठ्यातली, म्हणेल त्या भावाने. थांबणं परवडणारं नव्हतं. आदल्या संध्याकाळी इंजिनिअर साहेब टेप घेऊन वर चढले. मी मागे. दोन बीमांत रिंगांचं, म्हणजे सळयांना वेढणाऱ्या लोखंडी कड्यांचं, अंतर सगळीकडे आठ इंच. नकाशात खांबाजवळ चार इंच लिहिलेलं, मध्ये सात. रिंगांची टोकंही काटकोनात वाकवून सोडलेली, आत वळवलेली नव्हती. स्लॅबच्या जाळीखाली तिला उचलून धरणाऱ्या कव्हर ब्लॉकऐवजी गिट्टीचे तुकडे सरकवलेले. साहेब ओरडले नाहीत. खिशातून खडू काढला आणि बीमवर फुल्या मारत गेले. सत्तावन्न फुल्या. मी मोजल्या.

लोखंडवाली पोरं छत्तीसगडची, दिवसभर तापून गेलेली. पण हॅलोजन लावून रात्री अकरापर्यंत त्यांनी सगळ्या रिंगा सुधारल्या. मी घरून पोहे आणि दोन थर्मास चहा आणला. ठेकेदार माझ्याशी बोलत नव्हता. त्यालाही दोष कसा देऊ, नागपूर भूकंपाच्या नकाशात तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं आणि इथे चार इंचांचा आग्रह धरणारे त्याला कधी भेटलेच नव्हते.

पहाटे साडेचारला मिक्सर सुरू झाला. गिट्टी आणि रेतीच्या ढिगांवर रात्रीच पाणी मारून वर बारदाना टाकला होता, पाण्याच्या टाकीत बर्फाच्या लाद्या. नऊपर्यंत सुरळीत. मग ऊन चढलं, माल घट्ट व्हायला लागला आणि मिक्सरवाल्याने हळूच अर्धी बादली जास्त ओतली. माल कसा सुरेख पसरला! तिथेच तर मेख आहे. एका पोत्याला पंचवीस लिटर पाणी, त्यातही रेतीतली ओल वजा, हे मला पाठ झालं होतं. मी मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसले, हातात वही, शाळेतल्या सुपरव्हिजनसारखी. पोत्यामागे बादल्या मोजल्या. डोक्यावर ओला दुपट्टा, त्यावर टोपी. एकशे बावीस पोती लागली. साडेबाराला शेवटचं घमेलं पडलं तेव्हा पारा ४३ होता आणि मला मळमळायला लागलं होतं. कांदा आणि पन्हं, नागपुरी इलाज.

नंतरचे चौदा दिवस तराई. स्लॅबवर क्यारी बांधून पाणी भरायचं. सकाळी सहाला भरलेली क्यारी संध्याकाळी कोरडी दिसायची, काही मुरायचं, काही उडायचं. बोअर अजून झाला नव्हता, एक दिवसाआड टँकर. बाबा रात्री एकला उठून जायचे. “मूल आहे ते, तान्हं,” असं म्हणायचे. अठ्ठावीस दिवसांनी त्याच काँक्रीटचे ठोकळे दाबून पाहिले, एम-२० या ताकदीच्या मापाला उतरले, बरेच वर गेले.

आता तो घोळ. जुलैमध्ये, स्लॅब पडून दोन महिने झाल्यावर, गुरुजी पुन्हा आले आणि वरच्या बाथरूममधलं संडासाचं तोंड फिरवायला सांगितलं. मला वाटलं, भांडं फिरवायचं तर आहे, त्यात काय. आर्किटेक्टला न विचारता प्लंबरला हो म्हटलं. भांडं फिरलं, पाइपची जागा फिरली, आणि नव्या जागेखाली बीम. प्लंबरने छिन्नी लावली. शाळेतून आले तर बीमच्या पोटात वीतभर खड्डा आणि आत सळई उघडी, चकचकीत. मी तिथेच बसले. साहेब आले, बघितलं, म्हणाले सळई कापली असती तर आज तुमच्या घरी जेवलो नसतो. खड्डा दुरुस्त करून भरला, भांडं होतं तसं फिरवलं. गुरुजींना आईंनी परस्पर कळवलं की झालं हो तुम्ही सांगितलं तसं. ते खोटं आईंच्या नावावर आहे, छिन्नी माझ्या.

विटांचं काम पावसाळाभर चाललं. फ्लाय अॅशच्या विटा घेतल्या, कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख जवळच असल्याने इकडे त्या सहज मिळतात. छपाई, फरशी, रंग यांत भांडणं झाली ती नेहमीचीच. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझेक. उन्हात त्याच्याकडे बघवत नाही इतका चमकतो, म्हणजे काम करतो. घराभोवती चार फुटांची पक्की पट्टी, बाहेरच्या बाजूला उतार दिलेली, पावसाचं पाणी पायाशी मुरू नये म्हणून. बाबांना गेटजवळ कडुनिंब लावायचा होता. झाडाची मुळं उन्हाळ्यात माती आणखी कोरडी करतात, म्हणून तो पार कोपऱ्यात, कंपाउंडला चिकटून गेला.

२२ मार्च २०२३, पाडव्याला राहायला आलो. मॉड्युलर किचन नाही. कडप्प्याचा ओटा, खाली पडदे.

सहा महिन्यांनी ती रात्र आली. २३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला, चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली. अंबाझरी-डागा लेआउटकडची माणसं बोटींतून काढली. आम्ही त्या बाजूला नाही, पण पाणी आमच्याही गल्लीत घोट्याच्या वर होतं. तीनला जाग आली तर बाबा टॉर्च घेऊन व्हरांड्यात. पाणी पहिल्या दोन पायऱ्या चढलं, तिथेच थांबलं. आई आतून म्हणाल्या, “मोजा आता पायऱ्या.” स्वतःच्याच तक्रारीवर हसल्या त्या.

आठवडाभर बाबा रोज सगळी दारं उघडून लावून पाहत होते. अडकलं नाही एकही. मग ऑक्टोबरच्या अखेरीस मला हाक मारली. जिन्याजवळ, खांब आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर, केसासारखी उभी रेघ. माझ्या पोटात गोळा आला. साहेबांना फोटो पाठवला. त्यांनी उलट विचारलं, सांध्यावर जाळी मारून छपाई केली होती का? काँक्रीट आणि वीट एकाच उन्हात सारखी हलत नाहीत, म्हणून दोन्हींवर कोंबडीजाळी ठोकून मगच छपाई करायची असते. ती जाळी त्या एका सांध्यावर राहून गेली होती. त्या दिवशी माझ्याकडे दहावीची सराव परीक्षा होती, मी साइटवर गेलेच नव्हते. पायाचा काही संबंध नाही, असं साहेब म्हणाले, रंग देताना भरून घ्या.

बाबांनी ऐकून घेतलं. मग देव्हाऱ्याच्या डब्यातून तो जुना रुपया काढला, रेघेवर उभा धरला. जाईना. विजेच्या बिलाचा कागद घेऊन पाहिला. तोही जाईना. तरी त्यांनी पेन्सिल मागवली, आडवी रेघ मारली आणि खाली तारीख टाकली.

जुन्या घरात आता भाडेकरू आहेत. मे महिन्यात भाडं घ्यायला जाताना बाबा नाणं खिशात टाकून नेतात. भाडेकरूच्या मुलीने मागच्या वेळी त्यांना विचारलं, “आजोबा, हे काय करून राहिले तुमी?” बाबांनी नाणं तिच्या हातात दिलं आणि तिला भेगेजवळ उभं केलं.